बुधवारी साडेनऊला, मनापासून

एकट्याने ऑनलाइन धंदा करण्यातलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे डोक्यावर साहेब नसतो, असं सगळे सांगतात. कंटेंट कॅलेंडर, म्हणजे जाहिरातीसाठी कुठल्या दिवशी कसली पोस्ट टाकायची याचा तक्ता, तयार होईपर्यंत ते खरंही असतं. मग साहेब येतो. तो रंगीत चौकोनांचा असतो. सोमवारी ‘उपयुक्त टिप’ मागतो, शुक्रवारी ‘ग्राहकांशी संवाद’ मागतो, आणि बुधवारच्या चौकोनात जांभळ्या रंगात लिहिलेलं असतं, ‘ऑथेंटिक पोस्ट, ९.३०’. म्हणजे दर बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता मी मनापासून व्यक्त व्हायचं. मंगळवारी रात्री कितीही भरून आलं तरी दाबून ठेवायचं.

मी विकतो इन्व्हॉइसची टेम्प्लेट्स. एक्सेलची फाइल. नाव टाका, रक्कम टाका, बेरीज आपोआप होते. या मालाविषयी सांगण्यासारखं जे काही आहे ते एवढ्यात सांगून झालं. पण ऑनलाइन विक्री शिकवणाऱ्या वेबिनारवाल्यांना ते चालत नाही. लोक वस्तू विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात, तेव्हा तुमची संघर्षकथा सांगा, म्हणतात. माझी संघर्षकथा अशी: मला बिल पाठवायचं होतं, मी पाठवलं, पैसे आले. जरा उशिरा आले, एवढाच काय तो संघर्ष. याची पाच भागांची मालिका काढायची आणि चौथ्या भागाअखेर वाचकाचा श्वास रोखून धरायचा, हे मला झेपणारं काम नाही.

अशी कुरकुर केली की लगेच इतिहास ऐकवतात. शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉन डियर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केलं. टायरवाल्या मिशेलिनने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी फुकट गाइड काढलं. लोक जास्त फिरतील, टायर जास्त झिजतील, हा हिशेब. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. फक्त दिवसभर टायर बनवून थकलेला कामगार रात्री बसून गाइडमधल्या हॉटेलांची माहिती लिहीत नव्हता, हे कुणी सांगत नाही. १९९६ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी ‘कंटेंट इज किंग’ नावाचा लेख लिहिला. तेव्हापासून कंटेंट राजा आहे. पालखी वाहायला माणसं किती लागतील, त्याचा अंदाज अजून कुणी दिलेला नाही.

माझ्याकडे माणूस एकच. तोच संपादक, तोच लेखक, तोच चित्रं शोधणारा, आणि ‘बाकी टीमशी बोलून कळवतो’ असं ग्राहकाला लिहिणाराही तोच.

लिहून झालं की खरी परीक्षा. माझ्याकडे एक एसईओ प्लगइन आहे, म्हणजे लेख गूगलच्या शोधात वर यावा म्हणून साइटला जोडलेलं एक छोटं सॉफ्टवेअर. ते लेख वाचतं आणि दिवा लावतं: लाल, नारिंगी किंवा हिरवा. परवा मी बिलावर तारीख का महत्त्वाची, यावर बरा लेख लिहिला होता. सरळ, समजेल असा. दिवा लाल. तक्रार अशी, की मुख्य शब्दप्रयोग पहिल्या परिच्छेदात नाही. घातला. उपशीर्षकात नाही. घातला. चित्राच्या वर्णनातही नाही. चित्र एका पेनाचं होतं, तरी घातला. वाक्यं लांब आहेत म्हणे, तोडली. शेवटी लेखाची सुरुवात अशी झाली: ‘फ्रीलान्सर इन्व्हॉइस टेम्प्लेट हवंय? फ्रीलान्सर इन्व्हॉइस टेम्प्लेट निवडणं सोपं नाही. म्हणून आज आपण फ्रीलान्सर इन्व्हॉइस टेम्प्लेट पाहू.’ हे मी घरात मोठ्याने बोललो असतो तर कुणीतरी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. दिवा नारिंगीवर आला आणि खाली नवी ओळ उमटली: मुख्य शब्दप्रयोग गरजेपेक्षा जास्त वेळा आला आहे.

मेटा डिस्क्रिप्शनची, म्हणजे शोधनिकालात शीर्षकाखाली दिसावी म्हणून लिहायच्या ओळीची, तऱ्हा त्याहून न्यारी. दीडशे-एकशेपंचावन्न अक्षरांत लेखाचा अर्क काढायचा. मी शब्द कापतो, काना-मात्रा मोजतो, ‘आणि’ काढून स्वल्पविराम टाकतो. आणि एवढं करून गूगलला वाटलं तर ते ही ओळ बाजूला ठेवतं आणि लेखातलंच कुठलं तरी अर्धं वाक्य उचलून निकालात दाखवतं. तसं करू शकतो हे त्यांनी उघडपणे सांगितलेलं आहे, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

मग २०२२ साल उजाडलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी चॅटजीपीटी आलं, ज्याला आयुष्यात कसलाही अनुभव नाही पण कुठल्याही विषयावरचा लेख तयार. दोन आठवड्यांनी गूगलने शोधनिकालांची प्रत तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांच्या नियमावलीत ‘अनुभव’ हा निकष वाढवला: लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलंय का, तेही बघा. मला आनंद झाला. म्हटलं, आता आपले दिवस आले, आपण खरोखर बिलं केलेली आहेत. पण जरा फिरून बघितलं तर जो तो ‘माझ्या प्रदीर्घ अनुभवातून सांगतो’ अशी सुरुवात करू लागलेला. त्यातल्या काहींचे लेख शब्दाला शब्द सारखे होते. अनुभवही सारखाच आला असणार.

न्यूजलेटरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडकंच आहे. फुकट पीडीएफ ठेवायची, बदल्यात ईमेल पत्ता घ्यायचा. लोक पत्त्याच्या जागी कीबोर्डवर हात फिरवतात आणि पीडीएफ घेऊन जातात. उरलेल्यांना पत्र पाठवायचं आणि किती जणांनी उघडलं ते बघायचं. त्या आकड्यातही राम उरलेला नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असली की पत्र उघडलं का ते कळावं म्हणून त्यात लपवलेलं चित्र मेल ॲप आधीच परस्पर उतरवून घेतं, मग माणसाने पत्र उघडो न उघडो. माझी काही पत्रं अत्यंत तत्परतेने उघडली जातात. वाचक झोपलेले असतात.

या सगळ्या धबडग्यात जे चाललं, ते स्ट्रॅटेजीत कुठेच नव्हतं. ‘आगाऊ घेतलेली रक्कम बिलातून वजा कशी दाखवायची?’ हे मला लोक मेलवर सतत विचारत. मी तेच तेच उत्तर टाइप करून इतका कंटाळलो, की एकदा पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं साइटवर चिकटवलं. वर एकूण रक्कम, खाली वेगळ्या ओळीत ‘आगाऊ प्राप्त’, तारखेसह, वजा चिन्ह लावून, आणि त्याखाली बाकी. संपलं. वर चित्र नाही, संघर्ष नाही. पहिला शब्द ‘नमस्कार’ तसाच राहिला होता. दिवा लालभडक. लोक शोधत शोधत येतात ते याच पानावर. शेवटपर्यंत वाचतात, आणि त्यांतले काही जण चक्क टेम्प्लेट विकत घेतात.

याचा मला म्हणावा तसा आनंद होत नाही. ज्या लेखांसाठी मी रात्री जागवल्या ते पालथ्या घड्यावर पाणी, आणि वैतागून फेकलेलं पोटापाण्याला लावतंय. इनबॉक्समध्ये ग्राहक स्वतःच्या शब्दांत, फुकट, विषय सुचवत असताना मी लोक गूगलवर कुठले शब्द शोधतात ते सांगणाऱ्या टूलचं भाडं भरत होतो, हा हिशेब माझ्याच टेम्प्लेटमध्ये मांडला तर बाकी लाल अक्षरांत येते. ओळखीच्या एका सल्लागारांना हे सांगितलं. ते म्हणाले, “वा! आता या पोस्टचं रीपर्पझिंग करा. दहा स्लाइडचं कॅरोसेल, तीन रील, एक पॉडकास्ट.” वजाबाकीचं पॉडकास्ट. मी बघतो म्हणालो.

गेल्या आठवड्यात त्याच पानावरून आलेल्या एका ग्राहकांचा मेल आला: “पोस्टचा उपयोग झाला. पण फाइलमध्ये शेवटच्या ओळीखाली एक ओळ वाढवली की बेरजेत ती धरली जात नाही, असं का?” मी फाइल उघडली. बऱ्याच दिवसांनी उघडली, कारण माल बनवायला कॅलेंडरमध्ये चौकोनच नव्हता. बेरजेच्या सूत्राची कक्षा शेवटच्या ओळीपाशी संपत होती. ओळ तिच्याखाली घातली की बेरजेबाहेर, वर घातली की आत. सूत्र नीट केलं, नवी फाइल पाठवली, आणि तोवर ओळ कुठे घालायची तेही चार वाक्यांत लिहून कळवलं.

त्यांचं उत्तर लगेच आलं: “जमलं, धन्यवाद. पण हे तुम्ही कुठे लिहून का नाही ठेवत?”