आयएनएस 270 चा फॉरवर्ड: यातलं खरं किती?

एक फॉरवर्ड सध्या जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर आलाय. पाकिटाच्या मागे 'आयएनएस 270' (आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय नंबर) म्हणजे लॅक्टिक ॲसिड दिसलं की वस्तू परत ठेवा, कारण ते पेट्रोलियमपासून बनतं, ते दुधातून काढतात म्हणून व्हेगन लोकांना चालत नाही, ते स्नायूंत साठून अंग दुखतं, आणि त्यासाठी माणसांचं अन्न कारखान्यात घालतात. माझं रोजचं काम फर्मेंटेशनचं, म्हणजे आंबवण्याचं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पेट्रोलियमचं आधी बघू. पेट्रोकेमिकलपासून लॅक्टिक ॲसिड बनवता येतं हे खरंय, ॲसिटाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड वापरून, आणि काही कंपन्यांनी ते वर्षानुवर्षं केलंही. पण आज जगातलं साधारण 90 टक्के लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया बनवतात, आणि हे काही कालचं नाहीये, जर्मनीत इंगेलहाइमला 1895 मध्येच बॅक्टेरिया वापरून कारखान्यात उत्पादन सुरू झालं होतं. वर केमिकल पद्धतीत डी आणि एल असे दोन्ही प्रकार (एकाच रेणूची, डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं) निम्मे निम्मे मिळतात, बॅक्टेरिया नीट निवडला तर जवळजवळ सगळा एल मिळतो, जो आपलं शरीर स्वतः बनवतं. तान्ह्या बाळांच्या खाण्यात डी प्रकार टाळतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

आता दूध. एकाच मेसेजमध्ये पेट्रोलही आणि दूधही, दोन्ही एकत्र कसं जमणार? शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्ये हे ॲसिड आंबलेल्या दुधातून वेगळं केलं, तिथून दुधाचा संबंध चिकटला. पण बॅक्टेरियाला साखर हवी असते, ती मक्याच्या स्टार्चची असो, उसाची असो की टॅपिओकाची. घरी विरजण लावल्यावर जे होतं तेच टाकीत होतं, फक्त दुधाऐवजी साखरेचं पाणी. काही ठिकाणी चीज करताना उरलेलं व्हे, म्हणजे दुधाचं निवळ पाणी, वापरतात, तेव्हा काटेकोर व्हेगन असाल तर कंपनीला विचारा, पण सरसकट 'दुधाचं' म्हणणं चूक आहे.

स्नायूंचं तर दोन ओळींत संपतं. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) तासाभरात खाली येतं, दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतं, आणि पाकिटातल्या चिमूटभर ॲसिडचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अन्नाच्या मुद्द्यात मात्र दम आहे. अमेरिकेत ब्लेअर, नेब्रास्काला 2002 पासून मक्याच्या लॅक्टिक ॲसिडपासून पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) प्लास्टिक बनतंय, थायलंडमध्ये रायोंगला उसापासून, आणि आपल्याकडे पुण्याच्या प्राज कंपनीने 2024 मध्ये जेजुरीला अशा प्लास्टिकचं डेमो युनिट सुरू केलं. जमीन आणि पाणी लागतंच, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण साखर वाया किती जाते तेही बघा ना, 100 किलो ग्लुकोजपासून अल्कोहोल जास्तीत जास्त 51 किलो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, आणि लॅक्टिक ॲसिड कागदावर 100 किलो, प्रत्यक्षातही 90 च्या वर निघतं. चिपाडं, मक्याची ताटं यांच्यापासून करायचे प्रयत्न चालू आहेत, अडचण अशी की ती फोडताना फरफ्युरलसारखी द्रव्यं तयार होतात जी बॅक्टेरियालाच मारतात, शिवाय त्यातली झायलोज साखर सगळे बॅक्टेरिया खात नाहीत.

आणि ज्याची खरोखर काळजी करावी ते या मेसेजमध्ये नाहीच. ॲसिड साचत गेलं की टाकीचा पीएच पडतो, म्हणजे आंबटपणा वाढतो, आणि बॅक्टेरिया थंडावतात, म्हणून चुना कालवलेलं पाणी सतत सोडत राहावं लागतं. त्यातून कॅल्शियम लॅक्टेट होतं, दाट झालेलं असताना थंड होऊ दिलं तर पाईपमध्येच थिजतं. मग त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून लॅक्टिक ॲसिड मोकळं करतात, आणि फिल्टरवर उरतो जिप्समचा ओला पांढरा थर, टनभर ॲसिडमागे जवळपास टनभर. बांधकामवाल्यांनी उचललं तर ठीक, नाहीतर ढीग लागतात. आंबटपणा सोसणारं यीस्ट वापरलं तर चुना बराच कमी लागतो आणि जिप्समही तितकंच घटतं, त्यामुळे कंपन्यांना काही विचारायचंच असेल तर जिप्सम किती निघतं आणि जातं कुठे हे विचारा.