दंडाकडे नको, आदेशाकडे बघा

“मक्तेदारीविरोधी कायदा टेक कंपन्यांच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. दंड म्हणजे त्यांना चिल्लर, खटल्याचा निकाल लागेपर्यंत जग पुढे गेलेलं असतं, आणि शेवटी मोठ्या कंपनीला पाडतो तो बाजारच.” अशा अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. तिन्ही दाव्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

दंडाचंच घ्या. युरोपीय आयोगाने 2017 ते 2019 या काळात गूगलला तीन प्रकरणांत मिळून 8 अब्ज युरोंहून जास्त दंड ठोठावला. त्यातला एक पुढे न्यायालयाने रद्द केला, एक थोडा कमी केला. गूगलचा धंदा काही बसला नाही. मान्य. पण या कायद्याचा जोर दंडात नाहीच, तो आदेशात आहे: अमुक करार करायचा नाही, अमुक माहिती प्रतिस्पर्ध्याला द्यायची. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या सर्च खटल्यात उघड झालं, की फोन आणि ब्राउझरवर आपलंच सर्च इंजिन डीफॉल्ट, म्हणजे आधीपासून निवडलेलं, राहावं म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर मोजले. जागा नुसत्या गुणवत्तेवर पक्की असती तर एवढा पैसा कोण ओतेल? ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं, आणि सप्टेंबर 2025 मध्ये फक्त गूगललाच जागा देणाऱ्या करारांना मनाई करून सर्चचा काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं. गूगलचा क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, डीफॉल्टसाठी पैसे देणंही सरसकट थांबवलं नाही. मला हा उपाय तोकडाच वाटतो. पण तोकडा म्हणजे शून्य नव्हे.

आता “बाजारच पाडतो”. बाजाराला आत यायला वाट हवी ना! मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश 2001 मध्ये अपिलात रद्द झाला, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्याच निकालात अपील न्यायालयाने एकमताने म्हटलं होतं, की विंडोजची मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरची वाट बेकायदा अडवली. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची गोष्ट आणखी बोलकी आहे. मक्तेदारीच्या खटल्यात 1956 मध्ये झालेल्या तडजोडीच्या आदेशाने तिला ट्रान्झिस्टरसह जुनी पेटंट इतरांना खुली करावी लागली आणि दूरसंचाराबाहेरच्या धंद्यांना मज्जाव झाला. त्यामुळे तिथेच जन्मलेली युनिक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम ती बाजारात मांडू शकली नाही. विद्यापीठांना नाममात्र शुल्कात मिळाली. कंपनीचे तुकडे 1984 मध्ये झाले, म्हणजे तोवर त्या आदेशाला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

उशिराचा आक्षेप मात्र खरा आहे, विशेषतः कंपन्या गिळण्याच्या बाबतीत. फेसबुकने 2012 मध्ये इन्स्टाग्राम 1 अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा नियामकांनी अडवलं नाही. खटला भरला 2020 मध्ये, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सरकार हरलं, कारण कंपनीची मक्तेदारी आज आहे हे सिद्ध करता आलं नाही. टिकटॉक तोवर मैदानात होतं. हे शुद्ध वरातीमागून घोडं. पण हा दोष वेळेचा आहे, कायद्याच्या कुवतीचा नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणारी अडोबी आपल्या प्रतिस्पर्धी फिग्माला 20 अब्ज डॉलरला घ्यायला निघाली होती. ब्रिटन आणि युरोपच्या नियामकांनी सौदा होण्याआधीच हरकत घेतली, आणि डिसेंबर 2023 मध्ये तो मोडला. फिग्मा 2025 मध्ये स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात उतरली.