तेरा आकड्यांत झेड-२८ सापडत नाही

"जुनी अमेरिकन मसल कार घेताय? या पाच खुणा बघा, कोणी फसवू शकणार नाही." हा फॉरवर्ड गेले काही आठवडे इथल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. मी वाचला, हसलो आणि सोडून दिला. परवा रात्री सिनसिनाटीहून भाच्याचा फोन आला. "मामा, एकोणसत्तरची कॅमॅरो मिळतेय. झेड-२८, ओरिजिनल. पाचही खुणा जुळल्या. शनिवारी टोकन देतोय." हसू तिथेच संपलं. कॅमॅरो ही शेव्हरोलेची गाडी आणि झेड-२८ हा तिचा खास इंजिनाचा, जास्त भावाचा प्रकार.

मी मेकॅनिक नाही. डेट्रॉइटजवळ राहतो आणि शनिवार-रविवार मित्रांच्या गराजमध्ये जुन्या गाड्यांचे नटबोल्ट पिशव्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या लावत बसतो. पण एवढं कळायला तेवढंही पुरतं.

पहिली खूण म्हणे अशी: "व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) नेटवरच्या डीकोडरमध्ये टाका, गाडीची जन्मकुंडली बाहेर येते." अहो, ते बहुतेक डीकोडर सतरा आकडी नंबरांसाठी बनवलेत, आणि सतरा आकडे आले १९८१ च्या मॉडेलपासून. एकोणसत्तरच्या कॅमॅरोचा नंबर तेराच आकडी. भाच्याच्या गाडीचा सुरू होतो १२४३७९एन असा. पहिला १ म्हणजे शेव्हरोले. २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमॅरो. ३७ म्हणजे दोन दारांची, टपाची. ९ म्हणजे १९६९. एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. पुढचे सहा आकडे म्हणजे नुसता अनुक्रमांक. आता यात झेड-२८ कुठंय ते मला दाखवा. झेड-२८ हे वेगळं मॉडेल नव्हतंच, शोरूममध्ये फॉर्मवर खूण करून घ्यायचं पॅकेज होतं. साध्या ३०७ घनइंची इंजिनाची, कुणा आजीबाईंनी चर्चला जायला घेतलेली कॅमॅरोही याच सात अक्षरांनी सुरू होते. सातबाऱ्यावर विहीर आहे एवढं कळतं, पाणी गोड की खारट ते नाही.

बरं, मान्य करतो, नाइलाजाने. फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांत नंबरातलं पाचवं अक्षर खरंच इंजिन सांगतं. क्रायस्लरच्या १९७१ च्या प्लिमथ कुडात तिथे आर असेल तर ४२६ हेमी इंजिन, फोर्डच्या १९६९ च्या मस्टँगमध्ये झेड असेल तर बॉस ४२९ इंजिन. लेखकमहाशयांनी हे कुठेतरी वाचलं आणि शेव्हरोलेला चिकटवून दिलं.

शेव्हरोलेचं दुखणं असं की अमेरिकेत विकलेल्या कॅमॅरोंची एकेका गाडीची नोंद कंपनीकडे उरलेलीच नाही. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मूळ नोंदींचा मार्टी रिपोर्ट मिळतो, पाँटिअॅकवाल्यांना पीएचएस या जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेकडून मूळ इन्व्हॉइसची प्रत मिळते, कॅनडात विकलेल्या गाड्यांचं रेकॉर्ड कॅनडाच्या जीएमने जपलंय. बाकी कॅमॅरोवाल्यांनी जुने कागद शोधायचे: काचेवरचा स्टिकर, बिल्ड शीट म्हणजे गाडी जुळवताना कारखान्यात वापरायची यादी, किंवा मालकाला वॉरंटीच्या पुस्तिकेबरोबर मिळायची ती प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची पट्टी. भाच्याच्या विक्रेत्याकडे यातलं काय आहे? "सगळं पुरात गेलं."

दुसरी खूण: "इंजिनावर डीझेड कोरलेलं असलं की इंजिन मूळचं." एकोणसत्तरच्या झेड-२८ मधल्या ३०२ इंजिनाचा कोड डीझेड, इथवर बरोबर. 'व्ही ०३१२ डीझेड' म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात १२ मार्चला जुळणी झालेलं. पण अक्षरं ठोकायच्या पंचांचा संच आणि हातोडी कोणालाही विकत मिळते. आकडे वाचू नका, आकड्यांखालचं लोखंड बघा. कारखान्यात इंजिनाच्या ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग तासताना त्यावर एकाच दिशेने बारीक समांतर रेघा उठतात. टॉर्च आडवा धरला की त्या चमकतात, नखाला लागतात. ब्लॉक नंतर कधी पुन्हा तासला की जुने आकडे आणि रेघा दोन्ही जातात. भाच्याने पाठवलेल्या फोटोत ती जागा आरशासारखी गुळगुळीत होती, त्यावर छान नारिंगी रंग आणि रंगाखाली ठसठशीत डीझेड. शिवाय ब्लॉकच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्स जोडतात तिथे, ओतकामाची तारीख असते. ओतकाम मे महिन्यातलं आणि जुळणी मार्चमधली निघाली, तर मुलाची मुंज आधी आणि बापाचं लग्न नंतर.

तिसरी खूण फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, पट्टीतल्या एक्स-३३ या झेड-२८ च्या कोडची. नॉरवुडच्या गाड्यांना, तेही साधारण डिसेंबर १९६८ पासून पुढच्या, ती लागू पडते. लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर एक्स-कोड नसतोच. आणि त्या पट्ट्या आज नव्या छापून मिळतात. पुढे चला.

चौथी: "झेड-२८ फक्त ६०२ बनल्या." आकडा खरा, साल चुकलं. ६०२ या १९६७ च्या. १९६९ मध्ये २०,३०२ बनल्या. दुर्मीळच हवी असेल तर त्याच वर्षीची अ‍ॅल्युमिनियम इंजिनाची झेडएल-१ घ्या, ६९ बनल्या होत्या. घर विकावं लागेल.

पाचवी खूण नाहीच, सल्ला आहे, आणि माझ्या मते सगळ्यात घातक: "गाडी घेतल्या घेतल्या बॉडी उघडी करून सँडब्लास्ट करा. नवीकोरी केली की किंमत दुप्पट." हे वाचून किती गाड्यांचा पुरावा वाळूत उडणार आहे देव जाणे. जोराने वाळू मारली की बॉनेट, क्वार्टर पॅनेल असे सपाट पत्रे ताणून वाकडे होतात, हे एक. दुसरं म्हणजे फायरवॉलवर कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने मारलेल्या खुणा, रंगाचे मूळ ओघळ, सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला बिल्ड शीटचा पिवळा चिठोरा, हेच तर गाडीचे कागदपत्र. आधी फोटो काढायचे, मोजमापं लिहायची, मग पाना उचलायचा.

आणि किमतीचं म्हणाल तर हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनने १९६८ च्या सिनेमात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली ती हिरवी मस्टँग आठवा. एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली. मॅक्वीनने १९७७ मध्ये परत मागणारं पत्र लिहिलं, ते त्यांनी जपून ठेवलं. गंज, पोचे, उडालेला रंग तसाच ठेवून जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात गाडी उभी केली. हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर. तिला कोणी चकाचक केलं असतं तर?

भाच्याला एवढं सगळं ऐकवून झाल्यावर मी म्हटलं, फायरवॉलचा फोटो काढ, डॅशबोर्डच्या पुढे, उजव्या बाजूचा. आला. एसीच्या मोठ्या खोक्यासाठी कारखान्यातच कापतात तसं भोक, त्यावर पत्रा डकवलेला आणि वर काळा रंग. एकोणसत्तरच्या झेड-२८ ला कारखान्यातून एसी मिळतच नसे.

"मग घेऊच नको का मामा?"

"घे की. साध्या व्ही-८ कॅमॅरोच्या भावात घे. नॉरवुड तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर, माहेरवाशीणच आहे ती."

शनिवारी तो टॉर्च घेऊन जातोय. टोकन अजून खिशातच आहे.