‘छू’ म्हणणाऱ्यांनो, एकदा कासरा धरून बघा

आठ महिने. आठ महिने मी रोज सकाळी खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे घेऊन बांधावर उभा राहतोय. बायको म्हणते, घरात माणसांना मटण नाही आणि कुत्र्याला कलेजी. बरोबर आहे तिचं. पण बाण्याला भाकरीचा तुकडा दाखवून बोलवायला गेलं, तर तो माझ्याकडे मी भीक मागत असल्यासारखा बघतो.

बाण्या कारवानी आहे. सांगोल्याच्या बाजूला ज्यांची वस्ती असेल त्यांना पुढचं सांगायला नको. ही जात नाकानं नाही, डोळ्यांनी शिकार करते. लांब तुरीच्या कडेला काहीतरी हललं की संपलं, कान बंद. मग शिट्टी मारा, शिव्या द्या, नाहीतर बोंब ठोका. त्यात मान जाड आणि डोकं बारीक, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकला की सदरा काढल्यासारखा निघतो. तीन पट्टे गेल्यावर अक्कल आली. आता रुंद, ओढला की आवळणारा पट्टा आणि त्याला बैलाचा लांब कासरा.

जनावर दिसलं तरी मागे पळायचं नाही, एवढंच शिकवायचंय. शेजारच्या शेळ्यांपासून शंभर पावलांवर बसवायचं, बघू द्यायचं, नजर माझ्याकडे वळली की कलेजी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच पावलं पुढे जायला कधी कधी आठवडा लागतो. मध्येच धनगरांचा कळप गेला, त्यांची कुत्री अंगावर आली, की पुन्हा शंभरावर. असं करत करत गेल्या आठवड्यात चाळीस पावलांवर आलो होतो. चाळीस! शेळी ओरडली तरी गडी बसून होता.

आणि रविवारी दोन पोरं मोटरसायकल थांबवून बांधावर उभी राहिली. बाजरीच्या सडात ससा उठला. त्यातलं एक कार्टं बोट दाखवून ओरडलं, “छू!”

झालं. माझ्या तळहाताची साल कासऱ्याबरोबर गेली. अजून हळद लावतोय. ससा तुरीत गडप झाला, ते बरंच झालं. ससा मारणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि फॉरेस्टवाले आले असते तर पावती त्या कार्ट्याच्या नावानं फाटली नसती. पण रिकाम्या तोंडानं परत येईल तो कारवानी कसला? वाटेत शेजाऱ्याच्या तीन गावरान कोंबड्या. पोरं मात्र मोबाईल वर धरून खिदळत होती.

माझा राग कुत्र्यावर नाहीच. तो त्याच्या रक्ताला जागतो. राग येतो तो याचा, की मी एकटा त्याला ‘नको पळू’ शिकवतोय आणि अख्खं गाव त्याला ‘पळ’ शिकवतंय! असं एकदा सुटून पळाला की माझी महिन्याची कलेजी पाण्यात. पळण्यातच त्याला जी मजा मिळते, तिच्यापुढे माझा खिसा काय टिकणार?

वरून सल्ले. मामा म्हणतात, “ह्याच्याच भाऊबंदातली मुधोळची कुत्री लष्करात गेली, टपाल खात्यानं २००५ला तिकीट काढलं, आणि तुझं एक ऐकत नाही?” अहो मामा, मेरठला लष्कराच्या कुत्र्यांच्या शाळेत कुत्र्यामागे पगारी माणूस असतो. इथं मी दूध घालू, रात्रीच्या लायटीला मोटर चालू करू, का याला शेळ्या दाखवत बसू? पुण्यातला भाचा फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरच्या जोरावर सांगतो, “मामा, आवडीचं खेळणं दाखवा.” बाण्याचं आवडीचं खेळणं चार पायांवर पळतं, बाबा! तिसरा म्हणतो, दोन फटके द्या. दिलं होतं एकदा, सुरुवातीला. चार दिवस हाकेला येईना, लांबूनच बघायचा. लाज वाटली मला माझीच.

परवा कोंबड्यांचे पैसे द्यायला गेलो. हाच शेजारी दिवाळीत म्हणाला होता, “ससं धरत न्हाय? मग पाळलंय कशाला?” आता त्याच तोंडानं तीन कोंबड्यांचे अठराशे मागितले. म्हणे अंड्यावरच्या होत्या. त्यातली एक कोंबडा होता, मी स्वतः पिसं बघितली. तरी गप दिले. नोटा दोनदा मोजून खिशात घातल्या आणि म्हणतो कसा, “पळतंय मात्र झकास. ह्याची पिल्लं कुठं झाली तर एक मला सांगून ठेव.”