‘आताच्या गाड्या म्हणजे प्लास्टिकचे डबे’ : फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचे फोटो लावलेला एक मेसेज सध्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वीच्या गाड्या लोखंडी होत्या, धडकल्या तरी ओरखडाही उमटत नसे. आता कंपन्या पैसे वाचवायला प्लास्टिकचे बंपर लावतात, अंगठ्याने दाबले तरी ते आत जातात. जरा धडक बसली की गाडीचं तोंड चुरगळतं, आणि नवा बंपर बदलणं महाग पडतं. सुरक्षा चाचणीचे स्टार वगैरे सगळी जाहिरातबाजी आहे. जीव प्यारा असेल तर पुढे लोखंडी गार्ड बसवून घ्या.

चाकणच्या पट्ट्यात बंपर मोल्डिंगच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मेसेजमधला शेवटचा सल्ला लोक खरोखर मानतात, गार्ड बसवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘अंगठ्याने दबणारा बंपर’

अंगठ्याने दबतं ते फक्त बाहेरचं कव्हर. एकदा गॅरेजमध्ये बंपर उतरवताना उभे राहून बघा. चाकाच्या कमानीतले स्क्रू काढतात, वरचे-खालचे क्लिप सोडवतात आणि ते कव्हर दोन माणसं अलगद उचलून बाजूला ठेवतात. त्याच्या मागे बहुतेक गाड्यांमध्ये थर्माकोलसारखा दिसणारा, पण दाबला की परत फुलणारा फोम असतो, किंवा त्याच जागी उभ्या-आडव्या बरगड्यांचा मोल्ड केलेला तुकडा. त्यामागे पोलादी आडवी बीम. बीमच्या दोन्ही टोकांना वीतभर लांबीचे पोकळ चौकोनी डबे, त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. नीट पाहिलं तर त्यांच्या अंगावर मुद्दाम पाडलेल्या आडव्या खाचा दिसतील. धडक बसली की डबा कुठे दुमडायचा, ते त्या खाचांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. डबे बोल्टने बसतात ते गाडीच्या लांब मेंबरवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुढून केबिनकडे जाणाऱ्या सांगाड्याच्या पोलादी तुळयांवर.

यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पार्किंगमध्ये हळूच टेकलं तर कव्हर आणि फोम दबून पूर्ववत होतात. थोडा वेग असला तर क्रॅश बॉक्स दुमडतो आणि लांब मेंबर वाचतो. वेग त्याहून जास्त असला तर मेंबर दुमडतो आणि केबिन वाचते. कव्हर मऊ असण्याला आणखी एक कारण आहे, ते गाडीबाहेरच्या माणसाचं. रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी लागते ती बहुतेक वेळा आधी पायाला. तिथे पोलाद असलं तर गुडघा कायमचा जातो.

‘पैसे वाचवायला प्लास्टिक’

मोल्ड तयार झाला की नग भराभर निघतो आणि स्वस्त पडतो, हे खरं आहे. पण प्लास्टिक आलं ते फक्त त्यासाठी नाही. १९६८ च्या पाँटिॲक जीटीओ या अमेरिकन गाडीला जनरल मोटर्सने पोलादी सांगाड्यावर लवचिक आवरण चढवलेला पुढचा बंपर दिला. हलकी टक्कर झाली की तो दबून पुन्हा मूळ आकारात यायचा. १९७२ साली रेनॉ ५ या छोट्या फ्रेंच गाडीला काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचे बंपर आले. १९७३ पासून अमेरिकेत नियम लागू झाला की ताशी ८ किलोमीटरच्या धडकेत दिवे, इंधनाची टाकी अशा भागांना इजा होता कामा नये. तेव्हा अनेक कंपन्यांनी क्रोमचे जाडजूड पोलादी बंपर हायड्रॉलिक दांड्यांवर बसवून पाहिले. गाड्या लांबल्या, जड झाल्या. आजची रचना, म्हणजे मऊ कव्हर, मागे फोम आणि त्यामागे बीम, या सगळ्या खटाटोपातून आली आहे.

आणि हे प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नव्हे. मूळ दाणा पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, पण नुसतं पॉलिप्रॉपिलीन कडाक्याच्या थंडीत काचेसारखं तडकतं. म्हणून त्यात रबर मिसळतात, आणि रबराने आलेला मऊपणा आवरायला टाल्क या खनिजाची पूड. प्रमाण बिघडलं तर बंपर एक तर फुटतो, नाही तर उन्हात ओघळतो. तो काढायला दोन-अडीच हजार टन दाबाचं मशीन लागतं, आणि मोल्डच क्रेनने चढवावा लागतो. वितळलेला माल साच्यात एकाच तोंडातून सोडत नाहीत, बऱ्याच तोंडांतून सोडतात. दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे वेल्ड लाइन पडते, आणि ती बंपरची सगळ्यात कमजोर जागा. म्हणून साच्याची तोंडं एकदम उघडत नाहीत, एकामागून एक उघडतात. प्रवाह पुढच्या तोंडाच्या पलीकडे गेला की मगच ते तोंड उघडतं. अर्ध्या सेकंदाची गडबड झाली तरी ती रेघ नेमकी क्लिपच्या खोबणीवर येऊन बसते. दिसायला नग झकास असतो, फिटिंगच्या वेळी कान तुटून हातात येतो. शिफ्टच्या सुरुवातीचे नग वाकवून, आपटून बघतात ते याचसाठी.

‘चुरगळते म्हणजे कमजोर’

सगळा गैरसमज इथून सुरू होतो. मर्सिडीजमधले इंजिनिअर बेला बारेन्यी यांनी १९५१ मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी की माणसं बसतात तो मधला भाग कडक ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग धडकेत चेपेल असा करायचा. १९५९ च्या मर्सिडीज डब्ल्यू १११ मध्ये ती प्रत्यक्षात आली.

यामागचा हिशोब दहावीच्या विज्ञानाचा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. गाडीचं तोंड ६० सेंटिमीटर चेपून ती थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १६ पट मंदन येतं. तोंड इतकं टणक केलं की जेमतेम १० सेंटिमीटरच चेपलं, तर तेच जवळपास १०० पट होतं. ७० किलोच्या माणसाला पहिल्या वेळी पट्टा साधारण ११०० किलोच्या जोराने धरून ठेवतो. दुसऱ्या वेळी तो जोर सात टनांच्या जवळ जातो. बरगड्या, यकृत, मेंदू हे सोसत नाहीत. ओरखडा न उमटलेल्या गाडीतली धडक नाहीशी झालेली नसते, ती आतल्या माणसाने झेललेली असते.

आणि मधला भाग पूर्वीपेक्षा मऊ झालेला नाही, उलट कडक झालाय. दरवाजांमधल्या खांबासाठी अनेक गाड्यांत आता तापवून दाबलेलं बोरॉन पोलाद वापरतात. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे साध्या पत्र्याच्या पाचेक पट.

‘जुन्या गाडीला काही होत नसे’

हा प्रयोग करून झालेला आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू अर्धवट समोरासमोर आदळवली, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने. बेल एअर वजनाने कमी नव्हती, पत्राही दणकट होता. तरी तिची केबिन कोसळली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या पुतळ्यावर चालून आले. मालिबूचं तोंड पार गेलं, पण केबिन शाबूत राहिली, आणि चालकाच्या पायाला किरकोळ इजा होईल असा निष्कर्ष निघाला. व्हिडिओ कुणालाही बघता येतो.

जुन्या गाड्या जड होत्या हेही सरसकट खरं नाही. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी ९०० किलोच्या आसपास होती, रांजणगावला बनणारी नेक्सॉन १२०० च्या वर जाते. ‘आमच्या काकांच्या पद्मिनीला काही झालं नाही’ या आठवणी खऱ्या असतील, पण त्या सांगायला काका मागे राहिले म्हणून आपल्यापर्यंत आल्या.

‘स्टार म्हणजे जाहिरात’

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून तपासणाऱ्या आणि स्टार देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच खपाऊ छोट्या गाड्या तपासल्या, पाचही शून्यावर आल्या. जाहिरातच असती तर कंपन्यांनी हा निकाल लागू दिला नसता. त्यात चाकणला बनणारी पोलोही होती. तिची केबिन टिकली, तरी एअरबॅग नव्हत्या म्हणून शून्य, आणि दोन एअरबॅग लावलेल्या त्याच गाडीला चार स्टार. नुसत्या मजबुतीने भागत नाही, हे यातून दिसतं. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे.

‘लोखंडी गार्ड बसवा’

कृपा करून बसवू नका. गार्ड थेट चासीला किंवा मेंबरला बोल्ट होतो, म्हणजे फोम आणि क्रॅश बॉक्स बाजूला पडतात आणि धक्का सरळ केबिनकडे जातो. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर वेग कसा कमी होतोय त्यावरून ठरवतो, आणि कंपनीने ते गणित गार्डशिवायच्या गाडीवर बसवलेलं असतं. समोरच्या पादचाऱ्याचं आणि दुचाकीवाल्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड बेकायदेशीर असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. तरी हायवेवर रोज दिसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंपर बदलणं महाग पडतं ही मेसेजमधली तक्रार मात्र रास्त आहे. सेन्सर आणि रंगासकट बिल पाहिलं की जीव वर येतो. त्यातूनच एक गोष्ट सर्रास चालते, आणि काळजी करायची तर तिची करा. स्वस्तातलं डुप्लिकेट कव्हर बऱ्याचदा दळलेल्या जुन्या मालाचं असतं, त्यात रबर पुरेसं नसतं, आणि धडकेत त्याच्या धारदार कपच्या उडतात. काही गॅरेजवाले मागचा फोम परत बसवतच नाहीत, कारण त्याच्याशिवायही कव्हर छान बसतं. दुमडलेला क्रॅश बॉक्स ठोकून सरळ करून देणारेही आहेत, आणि एकदा दुमडलेला डबा पुढच्या वेळी ठरल्यासारखा दुमडत नाही. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी कव्हर चढवण्यापूर्वीचा फोटो मागा. फोम जागेवर आहे का, दोन्ही बाजूंचे डबे सारख्या लांबीचे आहेत का, आणि त्यांच्यावर हातोडीच्या खुणा तर नाहीत ना, एवढं त्या एका फोटोत दिसतं.