परत तेच, परत ब्लेडिस्लो गेला

बास झालं आता! 2003 पासून ब्लेडिस्लो कप, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली रग्बीची ट्रॉफी, न्यूझीलंडकडे पडलाय, त्यांच्या ऑकलंडच्या ईडन पार्कवर आपण ऑस्ट्रेलियावाले शेवटचं जिंकलो 1986 मध्ये, अजून किती वर्षं वाट बघायची? आणि टीममध्ये दम नाही म्हणावं तर तसंही नाही ना, 2025 मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर 22-0 ने मागे असताना स्प्रिंगबॉक्सना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टीमला, 38-22 धुतलं, मी रात्री अडीचला घरात नाचत होतो! पण त्याच्या तीनच आठवडे आधी मेलबर्नच्या एमसीजीवर लायन्सविरुद्ध (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) 23-5 ची लीड होती आणि शेवटच्या मिनिटाला मॅच 29-26 ने घालवली. का? लीड मिळाली की हातपाय का गळतात यांचे? ऐंशी मिनिटांची मॅच असते रे, साठ मिनिटांची नाही!!