‘एल’ स्क्रू सैल करायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी सातच्या आत भाच्याचा फोन आला. “मावशी, येऊरच्या चढावर अडकलोय, मागचं चाक जाम झालंय.” जाऊन पाहिलं तर डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, चाकात ओढला गेलेला, तो फ्रेमला जिथे टांगतात ती पट्टी म्हणजे हँगर तुटलेला, तीन तारा गेलेल्या आणि पोराचं कोपर सोललेलं. चढावर वेग नव्हता म्हणून एवढ्यावर निभावलं. कशाला हात लावला होतास, विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. माउंटन बाइकचे गियर कसे निवडावेत आणि घरच्या घरी कसे लावावेत, असा लांबलचक मेसेज. दोन दिवसांनी तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हे लिहितेय.

भाच्याला भोवलेला मुद्दा आधी घेते. मेसेज म्हणतो, चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चढत नसेल तर डिरेलरचा ‘एल’ स्क्रू पूर्ण सैल करा. अहो, तो स्क्रू गियर नीट पडण्यासाठी नाहीच! डिरेलर आतल्या बाजूला किती सरकू शकतो याची हद्द तो ठरवतो. त्या हद्दीच्या पलीकडे चाकाच्या तारा आहेत. हद्द काढून टाकली की सपाटीवर काहीच जाणवत नाही, कारण तिथे आपण सर्वांत हलका गियर वापरतच नाही. चढ लागतो, दम लागतो, आपण हलका गियर टाकतो, म्हणजे चेन मागच्या मोठ्या चकतीवर घेतो, आणि नेमक्या त्याच क्षणी डिरेलर तारांत जातो. पायाचा जोर सगळा पेडलवर असतो, मग जे तुटायचं ते तुटतं.

चेन चढत नसण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात. केबल सैल पडलेली असते, पावसाळ्यानंतर केबलच्या नळीत गंज धरलेला असतो, किंवा पार्किंगमध्ये सायकल उजव्या कुशीवर पडून हँगर वाकलेला असतो. केबल जिथे शिफ्टरमध्ये (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) किंवा डिरेलरमध्ये शिरते तिथे फिरवायची छोटी घुंडी असते. ती अर्धा फेरा उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवा, केबल ताणली जाते. तेवढ्याने जमलं नाही तर मागे उभं राहून पाहा, डिरेलरचा पिंजरा (दोन छोट्या पुल्या धरणारा, खाली लोंबणारा भाग) चकत्यांना समांतर दिसतोय का. तिरका असेल तर हँगर सरळ करून घ्या. गियर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या डीलर मॅन्युअलमध्ये हे चित्रांसकट आहे आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. ‘एल’ स्क्रूबद्दल त्यात सांगितलंय की डिरेलरची वरची पुली सर्वांत मोठ्या चकतीच्या बरोबर खाली यायला हवी. पूर्ण सैल करा असं कुठेही नाही.

याच मेसेजमध्ये पुढे लोखंडी, ‘न तुटणारा’ हँगर वेल्ड करून घ्या असंही आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर वेगळा लावलेला हँगर मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. आधी तो तुटावा आणि फ्रेम वाचावी, यासाठीच. भाच्याची फ्रेम त्यामुळेच वाचली.

आता मेसेजमधलं ‘२१ गियर म्हणजे चढाला जास्त ताकद’. आकडे मांडून बघा. स्वस्त २१ गियरच्या सायकलीत पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दाते ही नेहमीची जोडी. सर्वांत हलका गियर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पुढे एकच ३२ दात्यांची चकती आणि मागे ११ ते ४२ ची नऊ गियरची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) घेतली तर हलका गियर ०.७६, म्हणजे चढाला त्याहून सोपा. सर्वांत जड गियर ३ (४२ भागिले १४) च्या जागी २.९ (३२ भागिले ११), फरक नावापुरता. शिवाय २१ मधले कितीतरी गियर एकमेकांची नक्कल असतात: ४२ वर २८ आणि २४ वर १६, दोन्ही दीडच. सायकल घेताना गियर किती, हे विचारू नका. पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची, ते विचारा. २१ गियरवाली स्वस्त असते आणि तिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, हे खरं आहे. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर फिरायचं असेल तर खुशाल घ्या.

‘गियरची संख्या जुळली की कुठलाही शिफ्टर कुठल्याही डिरेलरला चालतो’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. शिमानोचे ७, ८ आणि ९ गियरचे माउंटन डिरेलर एकमेकांच्या जागी चालतात, फक्त शिफ्टर मागच्या चकत्यांच्या संख्येचा हवा. पण २०१० मध्ये शिमानोने १० गियरच्या माउंटन संचात केबल ओढण्याचं माप बदललं. तिथून पुढे हा हिशोब मोडतो. मायक्रोशिफ्ट कंपनीचा अ‍ॅडव्हेंट हा डिरेलर ९ गियरचाच आहे, तरी शिमानोच्या ९ च्या शिफ्टरवर तो चालत नाही. शिफ्टर एका क्लिकला किती केबल ओढतो आणि तेवढ्या केबलला डिरेलर किती सरकतो, ही जोडी जुळायला हवी. डब्यावरचा आकडा पाहून पैसे टाकू नका.

ग्रिप शिफ्टरच (मूठ फिरवून गियर बदलायचा) घ्या म्हणणाऱ्याने तो घामेजल्या हाताने फिरवून पाहावा. ट्रिगर शिफ्टरवर (छोटी कळ दाबून बदलायचा) बोटं ब्रेकवरून काढावी लागत नाहीत, येऊरहून उतरताना मला तेच हवं असतं.

हा मेसेज वाचून ज्यांनी स्क्रू सैल केलाय त्यांनी आज सायकल उलटी करा, चेन मोठ्या चकतीवर घ्या, पेडल हाताने हळू फिरवत डिरेलर आत ढकला. पिंजरा तारांना टेकतोय का पाहा. टेकत असेल तर वरची पुली मोठ्या चकतीच्या सरळ रेषेत थांबेपर्यंत तो स्क्रू घट्ट करा, आणि तोवर सायकल बाहेर काढू नका.